उत्तराकाकूंचं दही

१९८६ च्या उन्हाळ्यात टेनिस टूर्नामेंटसाठी झांबियाहून आलेली चिलेशे अमेरिकेतल्या नेपरव्हिलला उत्तराकाकूंकडे उतरली होती. रोज पहाटे पोरगी तीन तास सर्व्हिसची प्रॅक्टिस करायची आणि मॅचला निघताना काकू तिच्या तळहातावर दही-साखर ठेवायच्या. ओळीने चार मॅच जिंकल्यावर पेपरात तिच्या सर्व्हिसचं कौतुक छापून आलं, तेव्हा काकूंनी गावातल्या एकूण एक मराठी घरी फोन केला, "पेपरवाल्यांना काय कळतंय! सगळी माझ्या दह्याची कमाल!"

फायनलला चिलेशे हरली. शेजारच्या वीणाने हळूच विचारलं, "काकू, आज दही द्यायला विसरलात का?"



"छे गं, चांगलं दोन चमचे दिलं. पण नुसत्या दह्याने काय होतंय? शेवटी खेळायचं तिलाच होतं ना!"