उवांना उडता येत नाही

"उवांना उडता येत नाही, पोरींनो. उड्याही मारता येत नाहीत." रतनताईंनी फळ्यावर सहा पायांची ऊ काढली आणि त्याच मार्करच्या टोपणाने कानामागे खाजवलं. वापीच्या पार्लरमधला नवा रंग त्यांच्या केसांना मानवला नव्हता. "डोक्याला डोकं लागलं, की चालत चालत पलीकडे जातात."

तलासरीजवळच्या मुलींच्या वसतिगृहात 'उवामुक्त तालुका २०१७'चा कार्यक्रम चालू होता. डहाणूच्या चिकूवाडीतून रतनताई औषधाच्या बाटल्या, करंडीभर चिकू आणि कात्री घेऊन आल्या होत्या. ऊ दिसली की केस कापायचे, हा नियम त्यांचाच. त्यामुळे समोरच्या सगळ्या पोरी बॉबकटमध्ये बसल्या होत्या. वेणी उरली होती एकट्या रुपीची, कमरेपर्यंत.

"हिची आई दर रविवारी सायवनहून येते," अधीक्षिका संगिता म्हणाली. "मांडीवर डोकं घेऊन फणी मारते. हिच्या डोक्यात काही नाही, ताई."

"मंगळवारी बहिणीचं लगीन हाय," रुपी हळूच म्हणाली. "मला गजरा माळायचाय."

"अगोबाई! मग आधी आपला फोटो." रतनताई भेदभाव मानत नसत, आणि ते फोटोत दिसावं असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी रुपीला जवळ ओढून डोक्याला डोकं लावलं. पहिल्या फोटोत रुपीचे डोळे मिटले. दुसऱ्यात बॅनर कापला गेला. तिसऱ्यात रतनताईंच्या हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आली. चौथा जमला.

मग वर्तमानपत्र पसरून त्यांनी स्वतः फणी चालवली. कागदावर ऊ पडली. एकच, पण चांगली पोसलेली.

रुपी बघतच राहिली. "काल नव्हती, ताई."

"सगळ्या असंच म्हणतात."

"एकच तर आहे," संगिता म्हणाली. "आज औषध लावू. कापायचे तर लग्नानंतर कापू."

रतनताईंचा हात कात्रीवरून उचलला गेलाही होता. तेवढ्यात मोबाईल वाजला. त्यांनी मेसेज वाचला. पुन्हा वाचला. मग पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

"नियम म्हणजे नियम. या पोरींच्या डोक्यातूनच तर सगळीकडे पसरतं."

कात्री चालली. टाळ्या झाल्या. रुपी रडली नाही. कापलेली वेणी तिने त्याच वर्तमानपत्रात गुंडाळली, आईला दाखवायला.

निघताना रतनताईंनी वाटलेल्या बाटल्यांतल्या दोन परत उचलल्या. "नमुन्याला," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर आशागड आल्यावर त्यांनी चौथा फोटो ग्रुपवर टाकला आणि सुनेचा मघाचा मेसेज पुसून टाकला: 'आई, मयूरीला शाळेने घरी पाठवलंय. डोकं उवांनी भरलंय. रोज तुमच्या कुशीत झोपते, तुमचंही बघून घ्या.'