दोन टोकांचा बाण

पुकारा झाला तेव्हा प्रफुल्ल टिपणीस व्हरांड्यातल्या बाकावर पेंगत होते. तारीख आजही पुढे जाणार असंच त्यांनी धरलेलं. टिटवाळ्याहून ठाण्याला यायचं, कोर्टात दिवस घालवायचा आणि तसंच परत जायचं, हे आता अंगवळणी पडलं होतं.

शेजारी आवडाबाई बसल्या होत्या. खून झालेल्या भावेशची आई. कोळीवाड्यातून दर तारखेला यायच्या. दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते. काय बोलणार? टिपणिसांच्या घरी चोरी झाली, जुन्या लष्करी खंजिरांच्या संग्रहातला एक गेला, आणि त्याच खंजिराने पुढे चोराने या बाईचा मुलगा मारला.

साक्ष सुरू झाली. सरकारी वकिलांनी सील तोडून पुडकं उघडलं आणि खंजीर टिपणिसांच्या हातात दिला.

"हा तुमचाच?"

"हो."

आरोपीचा वकील उठला. "महायुद्धाच्या काळात असे हजारो बनले असतील. हाच तुमचा कशावरून?"

टिपणिसांनी चष्मा पुसला. अंगठा सवयीने पात्याच्या मुळाशी गेला.

"खुणेवरून. इथे कारखान्याची दोन अक्षरं आहेत, ती पुष्कळांवर सापडतील. पण त्याखाली माल पास करणाऱ्या तपासनिसाचा ठसा बघा. बाण. पहिल्यांदा नीट उमटला नाही, म्हणून त्याने पुन्हा मारलाय आणि हात जरासा सरकलाय. त्यामुळे बाणाला दोन टोकं आलीत. असा दुसरा मी आजवर पाहिलेला नाही. हा मिळाला ना, त्या रात्री मला आनंदाने झोप…"

आवाज चढला होता. न्यायाधीशबाईसुद्धा पुढे वाकून बघत होत्या. त्यांना ठसा नीट दिसावा म्हणून टिपणिसांनी खंजीर उजेडाकडे कलता केला, तेव्हा पात्याच्या मधोमध तपकिरी डाग दिसले. गंज त्यांना लांबून ओळखता यायचा. हा गंज नव्हता.

त्यांनी मागे पाहिलं. मागच्या बाकावर येऊन बसलेल्या आवडाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. रागाने नाही. कुणी स्वतःच्या लेकराचं कौतुक सांगावं आणि आपण ऐकत बसावं, तशा.

"माझाच आहे," टिपणीस एवढंच म्हणाले आणि खंजीर टेबलावर ठेवला.

बाहेर आल्यावर कोर्टातला कारकून मागोमाग आला. "काका, निकालानंतर अर्ज टाका. तुमची वस्तू परत मिळू शकते तुम्हाला."

"नको."

"अहो, अँटिक ना ती? इथे पडून सडून जाईल."

"नको म्हणालो ना!"

कारकून खांदे उडवून आत गेला. आवडाबाई दाराशी चपला घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"घ्या की दादा," त्या म्हणाल्या. "तुमचाच हाय त्यो. तुमी काय केलंय?"

माफी मागावी असं टिपणिसांच्या कितीदा मनात आलेलं, पण नेमकी कशाची मागायची ते कळत नव्हतं.

"जेवलात का ताई?"

"सकाली चा घेतला."

"चला, मी स्टेशनकडेच निघालोय. वाटेत सोडतो तुम्हाला."

त्या नको नको म्हणाल्या. मग पाय उचलेनात, तशा रिक्षात चढल्या.

ऊन रणरणत होतं. सिग्नलला रिक्षा अडकली.

"परत बोलवतील का ओ मना?" आवडाबाईंनी विचारलं.

"बोलवतील. अजून साक्षी बाकी आहेत."

"येईन," त्या म्हणाल्या. "घरी तरी काय हाय."

रिक्षा सुटली. पुढच्या वळणावर त्यांची मान कलली. डोकं आधी टपाच्या दांडीला लागलं, मग सरकत टिपणिसांच्या खांद्यावर आलं. तोंड किंचित उघडं होतं. श्वास जड आणि संथ होता, पुष्कळ दिवसांची झोप बाकी राहिलेल्या माणसाचा. टिपणीस आखडून बसले. खांदा भरून आला, तरी त्यांनी तो हलू दिला नाही.

रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "काका, कोळीवाडा आला."

टिपणिसांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मीटर चालू राहू दे," ते कुजबुजले.