मंगळवारची ठिणगी

पुण्याहून आलेली अक्षदा घरी न जाता थेट विहिरीवर गेली आणि पाठीवरची बॅगही न उतरवता तिनं मोटरीच्या स्टार्टरचं झाकण उघडलं. आतले पॉइंट काळेठिक्कर. वर्षभर ती वडिलांच्या, आण्णांच्या, मागे लागली होती, हा स्टार्टर बदला, ठिणग्या उडाल्या की खोडदच्या रेडिओ दुर्बिणींत खरखर येते. भिमाजी आण्णा दर वेळी हो म्हणत आणि कांद्याकडे वळत.

त्या दुर्बिणींतून ती तीन वर्षं एकाच मेलेल्या ताऱ्याचे ठोके मोजत होती. अख्ख्या सूर्याचा ऐवज, जुन्नर ते आळेफाटा एवढ्या गोळ्यात कोंबलेला. तिचं म्हणणं असं, की पोटातला दाब हद्दीबाहेर गेला की तिथले न्यूट्रॉन विरघळतात, त्यांच्यातले क्वार्क मोकळे होतात, तारा जरासा आकसतो आणि ठोका जलद होतो. गेल्या मंगळवारी तो जलद झाला. अक्षदा आनंदानं रडली. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी मात्र नोंद पाहून मान हलवली. तुमच्याच पिंपळवंडीकडच्या एखाद्या मोटरीची ठिणगी असेल, म्हणाल्या. आज पाचपर्यंत खात्री दे, नाहीतर ती नोंद खोड.

कांद्यातून विहिरीवर आलेल्या आण्णांना तिनं हे सगळं एका दमात ऐकवलं. क्वार्क त्यांच्या डोक्यावरून गेले, पण पोरीची तीन वर्षं बरोबर कळली. ते बांधावर बसले.

"माझ्यापायी झालं का गं हे?"

आता तिलाच कसंतरी झालं. जाऊ द्या, म्हणाली. मग आण्णांनी विचारलं, ठोका नक्की कधी जलद झाला. मंगळवारी साडेदहाला, ती म्हणाली.

आण्णांनी मान वर केली. "मंगळवारी? आगं, सोमवारीच विजेचा डीपी जळाला. चार दिस साऱ्या शिवारात येक मोटर चालली न्हाई. म्या फोन केला व्हता की तुला."

अक्षदानं फोन काढला. मंगळवार, दहा चौतीस, आण्णा, नऊ सेकंद. "मोटर बंद हाये" एवढं ते बोलले होते, आणि नंतर ऐकते म्हणून तिनं फोन ठेवला होता.

पाच वाजायला अजून तीन तास होते. बॅग उतरवून ती त्यांच्याशेजारी बांधावर बसली.

"सांगा आण्णा, आता ऐकते."