साखरेची बाटली

भांडुपच्या आमच्या कारखान्याचं नवं रसायन नाल्यावाटे मागच्या तळ्यात गेलं, तर तिथले जंतू ते खातात का, हे मला तपासायचं होतं. एका तपासणीला अठ्ठावीस दिवस. पहिल्यांदा लॅबमध्ये बाटल्या धुणाऱ्या जानकीबाईंनी तळ्याचं पाणी गढूळ दिसलं म्हणून तुरटी फिरवली. दुसऱ्यांदा उकळलं. “अहो बाई, ते प्यायचं नाहीये! जंतू जिवंत हवेत!” मॅनेजर रिपोर्टसाठी ओरडत होता. तिसऱ्यांदा मी तळ्याच्या पाण्याच्या कॅनला कुलूप घातलं. तरी अठ्ठाविसाव्या दिवशी रसायन जसंच्या तसं. जंतू जिवंत आणि भुकेले आहेत ना, हे कळायला एका बाटलीत रसायनाऐवजी नुसती साखर घातली होती. तिलाही कुणी तोंड लावलं नव्हतं. डोकंच फिरलं. “आता काय घातलंत पाण्यात?” “मी नाय हात लावला. चावी तुमच्याच खिशात,” बाई बाटली विसळत म्हणाल्या. “साहेब, त्या तळ्यात दोन वर्षं डास पण झाले नाय.”