धाडीचा म्होरक्या

"आता तुम्ही लीडर व्हा, बाबा. मी ऑफिसर," मैथिली म्हणाली.

दुबईजवळच्या रास अल खैमातल्या त्या फ्लॅटमध्ये संध्याकाळपासून हेच चाललं होतं. नववीतल्या मैथिलीचं उद्या शाळेत प्रेझेंटेशन होतं. विषय, अमेरिकेतल्या कायोवा जमातीचा एक योद्धा. दीडशे वर्षांपूर्वी माणसं घेऊन धाडी घालायचा. तिचा बाप, विष्णू, सोफ्यावर बसून नुसती मान डोलावत होता. डोकं होतं कुठे त्याचं! उद्या त्यालाही बोलायचं होतं, पोलिसांसमोर.

गेल्या आठवड्यात सिमेंटच्या कारखान्यात, विष्णूच्याच शिफ्टला, त्याच्या हाताखालचा रफिक टाकीच्या आत चिकटलेलं सिमेंट पाडायला उतरला आणि वरचा सगळा ढीग अंगावर येऊन आतच मेला. कमरेला दोर बांधायलासुद्धा थांबला नव्हता. थांबणार कसा? "यल्ला रफिक, दोन मिनिटांचं काम आहे, उतर," असं विष्णूच म्हणाला होता. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. मॅनेजरने बजावून ठेवलं होतं, तो आपणहून उतरला म्हणायचं, खलास. नाहीतर विष्णूचा पासपोर्ट जमा, आणि पुढे तुरुंग.

"बाबा, फोकस! त्यांच्यात एक जरी माणूस परत आला नाही ना, तर धाड जिंकूनही लीडरचं नाव होत नसे. आणि आर्मीने विचारलं, तेव्हा हा स्वतःच म्हणाला, मीच नेलं होतं सगळ्यांना. मग काय, जेलमध्येच मेला. सो स्टुपिड!"

"अगं, दमलेत ते, पुरे कर," लतिका आतून ओरडली.

"एकदाच, आई." मैथिलीने आवाज जाड केला. "हू लेड दीज मेन?"

विष्णू उभा राहिला. एवढंसं 'मी' म्हणायचं होतं. पोरीच्या खेळातलं. मेलं घशातून बाहेरच पडेना. त्याला दरदरून घाम फुटला. बाबा काय भारी ॲक्टिंग करतायत, असं वाटून मैथिलीने टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात फोन वाजला. रफिकची बायको शहरबानू, गावाहून.

"भाईसाब, एक ही बात पूछनी है. मेरे देवर बोलते हैं, गलती उन्हीं की थी. वो खुद उतरे थे, या किसी ने भेजा था?"

विष्णूने मैथिलीकडे पाहिलं. ती टाळ्या थांबवून त्याच्याच तोंडाकडे बघत होती. स्वतःची किळस आली त्याला, पण तोंड उघडलंच.

"खुद उतरे थे, भाभी. मैंने तो रोका था."

दुसरं वाक्य कुणी मागितलंही नव्हतं.

आता ही फोनवर रडेल, असं त्याला वाटलं. ती रडली नाही.

"घर में पानी भी पूछ के पीते थे, भाईसाब," शहरबानू म्हणाली. "उम्रभर एक काम अपनी मर्जी से नहीं किया उन्होंने. मरने का ही किया?"