वजन लागू द्या

पाणी फाडकन फुटलं आणि विजयसिंहनं काठीला असा हिसका मारला, की गळाचा रबरी बेडूक तळ्यातनं उडून थेट मागच्या घाणेरीत जाऊन अडकला. मासा गेला.

"आयला ह्याच्या!" तो ओरडला. "येतंय, आपटतंय आणि जातंय! मुद्दाम करतंय!"

"मुद्दाम काय न्हाय, दाजी. तुमी घाई करताय," पिराजी म्हणाला आणि झुडपातनं बेडूक सोडवायला गेला. पिराजी त्याचा मेहुणा. सकाळपासून त्यानं दाजींच्या तोंडाकडं एकदाही नीट बघितलं नव्हतं.

मासे धरायला विजयसिंह आलाच नव्हता. कागलच्या एमआयडीसीतनं सुट्टी टाकून तो आजऱ्याजवळच्या ह्या गावात बायकोला न्यायला आला होता. संयोगिता दिवाळीपासून माहेरी बसली होती. मागंही तो येऊन गेला होता. सासूनं, चिमणाबाईनं, दारात तोंड उघडलं, की ह्यानं तिच्या वरताण आवाज चढवायचा आणि गाडीला किक मारून निघून जायचं, एवढंच दरवेळी झालं. म्हणून आज पिराजीनं त्याला घरी पोचायच्या आधीच वाटेत अडवलं. "आई तापलीया. आधी तळ्याकडं चला, डोस्कं थंड करा," म्हणाला, आणि हातात ही काठी दिली.

डोकं कसलं थंड होतंय! काय चुकलं होतं त्याचं? चिडला होता, एकदा हात उचलला गेला होता. बस्स. कुणाच्या घरात होत नाही? तेवढ्यावरनं ही बया पिशवी भरून माहेरी! फोन केला तर नुसतं 'हॅलो, हॅलो' करून ठेवून द्यायची. मागच्या खेपेला अंगणात तांदूळ निवडत बसली होती. शेजारची गिरणी चालू होती. हा कुंपणापासनं हाका मारतोय, मारतोय, आणि हिनं मान वर केली नाही. अख्ख्या गल्लीसमोर! एवढा माज? ते आठवलं, की अजून त्याच्या अंगाची आग व्हायची.

पिराजीनं बेडूक आणून त्याच्या हातात दिला. पोटाला चिकटून दोन गळ, मागं रबरी शेपट्या.

"ह्यो पाण्यावर तरंगत येतोय. मरळ खालनं येऊन धडक मारती. लई मोठा आवाज हुतोय. नवीन माणूस त्या आवाजालाच वडतोय. माशानं तवर नीट धरलेलं नसतंय, दाजी."

"मग कवा वडायचं?"

"आवाज झाला की गप ऱ्हायाचं. हाताला वजन लागू द्यायचं. मग वडायचं."

विजयसिंहनं बेडूक कमळाच्या पानांपलीकडं फेकला. हळूहळू, टुकटुक करत पानांवरनं ओढत आणला. मोकळ्या पाण्यात आला आणि धाडकन पाणी उसळलं. त्याचा खांदा उडालाच होता, तेवढ्यात पिराजीनं त्याचं मनगट पकडलं. नको इतकं करकचून.

"थांबा."

तो थांबला. आणि मग दोरी जड झाली, काठी वाकली. हातभर लांबीची काळी मरळ काठावर येऊन फडफडायला लागली तेव्हा विजयसिंह त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

"जमलं की रं!"

"जमतंय की तुमाला. मनावर घेतलं तर," पिराजी न हसता म्हणाला. दोरी गुंडाळता गुंडाळता त्यानं हळूच जोडलं, "आईचं बी बोलणं आज पुरं हू द्या."

विजयसिंहला एकदम पटलं. अरेच्चा, हीच तर युक्ती! म्हातारीला हवं तेवढं ओरडू द्यायचं. बोलून बोलून दमेल. मग बायकोला गाडीवर बसवायचं आणि सुटायचं.

मरळ सुतळीला अडकवून तो दारात उभा राहिला. चिमणाबाई आतनं वाऱ्यासारखी आली.

"आलासा? लाज न्हाय वाटत? आणि मासा घिऊन आलाय, मासा! माझी पोरगी म्हंजी काय वाटलं तुमास्नी? गोठ्यातल्या जनावराला बी आमच्यात कोण असं मारत न्हाय! जीव लावून वाढवलेली पोर दिली तुमच्या हातात, त्येच हात तुमी..."

शेजारपाजारच्या बायका बाहेर आल्या. विजयसिंहच्या जिभेवर चार शब्द आले, चारही शिव्या. त्यानं सुतळी मुठीत आवळली. गप राहिला. चिमणाबाई बोलत राहिली. तो आज उलटा तडकत नाही हे बघून तिचा आवाज आधी चढला, मग चिरकला, मग बसला. शेवटी ती पायरीवर टेकली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

झालं, विजयसिंहला वाटलं. दमली.

सोप्यात संयोगिता शेंगा फोडत बसली होती, मान खाली घालून. तो तिच्या डाव्या बाजूला गेला. इतक्या हळू आवाजात तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता.

"संयोगिता. चल घरी."

ती शेंगा फोडत राहिली. एक फोडली, दुसरी घेतली.

एवढं ऐकून घेतलं, एवढा गप राहिलो, आणि तरी हिचा हा ताठा! त्याच्या मस्तकात तिडीक गेली. हातातली मरळ त्यानं फरशीवर आपटली.

"ऐकायला येत न्हाय व्हय गं तुला?"

संयोगिता दचकली. अख्खी मान फिरवून, उजवा कान त्याच्याकडं करून तिनं विचारलं, "काय म्हणलासा?"

पायरीवरनं चिमणाबाई बोलली. आता तिच्या आवाजात राग उरला नव्हता.

"न्हाय येत, पावणं. तुमी मारलासा, त्या दिसापासनं डाव्या कानानं तिला न्हाय ऐकाय येत."