सुटा चेंडू

बाईंनी चेंडूतली निम्मी हवा काढली, त्याला जाळी घातली, जाळीला दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक भिंगरीच्या चाकाच्या खुर्चीला. चेंडू फेकायचा, दोरी ओढायची, चेंडू परत मांडीवर. कुणाला हाक मारायला नको, कुणाची वाट बघायला नको. खेळाच्या बाई स्वतःवरच खूश होत्या, आणि का नसाव्यात? आठवडाभर डोकं चालवलं होतं त्यांनी.

भिंगरीनं चेंडू फेकला, ओढला. पुन्हा फेकला, पुन्हा ओढला. मग चेंडू मांडीवरच ठेवून मैदानाकडे बघू लागली. मैदानाच्या मधोमध बाकीची पोरं गोल करून धिंगाणा घालत होती.

"काय गं, हात दुखतोय?"

"नाही."

"मग खेळ की."

"दोरी सोडा ना, बाई."

"अगं, चेंडू लांब गेला म्हणजे?"

"जाऊ दे ना. सगळ्यांचा जातो."

बाईंना वाईट वाटलं. एवढा खटाटोप केला आणि पोरीला त्याचं काहीच नाही. तरी त्यांनी गाठ सोडली, जाळी काढली. हवा मात्र तेवढीच राहू दिली. फुगलेला चेंडू भिंगरीच्या बोटांत बसत नसे.

भिंगरी तोच चेंडू घेऊन गोलात शिरली. पहिल्या एक-दोन फेकींना चेंडू पायाशीच पडला. पुढच्या फेकीला तिनं असा काही जोर लावला, की चेंडू बुटक्या भिंतीवरून थेट शेजारच्या बागेत. पोरांनी कपाळाला हात लावला.

बाई लगबगीनं फाटकाकडे निघाल्या. "थांबा रे, मी आणते."

"तुम्ही कशाला, बाई?" गोलातली सगळ्यात आगाऊ मुलगी म्हणाली. "आमच्यात जो घालवतो, तोच आणतो. भिंगरे, जा. आणि लवकर ये, तास संपेल."

बाईंनी काही बोलायला तोंड उघडलं. तोवर भिंगरी फाटकाबाहेर पडलीसुद्धा.

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, चांगलाच चढा. कुंड्या, रोपं, शाळा, आईबाप, सगळ्यांचा उद्धार झाला. इकडे बाई फाटकाशी येरझाऱ्या घालत होत्या.

भिंगरी परत आली. मांडीवर चिखलानं माखलेला चेंडू, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"फार बोलल्या का गं?" बाईंनी कळवळून विचारलं.

"तर काय! मला म्हणाल्या, पुन्हा चेंडू इकडे टाकलास ना, तर परत देणार नाही."